जखम तपासा, चारित्र्य नको!

योनीवर जखम घेऊन बाई दवाखान्यात गेली की पहिला प्रश्न येतो, 'नवरा कुठे असतो?' दुसरा, हलक्या आवाजात, 'आणखी कुणाशी संबंध?' मग न तपासताच चिठ्ठीवर मलम आणि गोळ्या. गटातल्या बायांसोबत मी रांगेत बसते, त्यामुळे हा क्रम मला पाठ झाला आहे. मी म्हणते, हे निदान नव्हे, हा निवाडा आहे.

जखमेची कारणं अनेक. गरमीची, म्हणजे सिफिलिसची जखम बहुधा दुखत नाही. गर्भाशयाच्या तोंडावर झाली तर बाईला दिसतही नाही. ३ ते ६ आठवड्यांत ती आपोआप भरते, रोग मात्र अंगात राहतो. पुढे गरोदरपणी मूल पोटातच दगावू शकतं. हर्पिसचे फोड दुखतात, जळजळतात, पुन्हा पुन्हा येतात. पेनिसिलिनने गरमी बरी होते, हर्पिसवर त्याचा काडीचा उपयोग नाही. औषधाची रिअॅक्शन, बेशेटचा आजार, कर्करोग यांनीही जखम होते. कधीच संबंध न आलेल्या मुलीलाही होते. नुसत्या नजरेने हा फरक अनुभवी डॉक्टरलाही हमखास कळत नाही. मग न बघताच कसा कळणार?

शिवाय हर्पिसचा विषाणू वर्षानुवर्षं शरीरात गप्प बसू शकतो. फोड आज आला म्हणून लागण आत्ताच झाली असं नाही. जखमेवरून बाईच्या वागणुकीची साक्ष काढणं शास्त्रालाही धरून नाही.

'खेड्यात लॅब कुठून आणायची?' असं आम्हाला ऐकवतात. लक्षणांवरून त्याच दिवशी उपचार करायची पद्धत आहेच, पण त्यासाठीही बाईला तपासावं लागतं! डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ६५० बायांपैकी ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. पूर्वी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. उणीव फक्त यंत्रांची नव्हती.

म्हणून मैत्रिणींनो, आपण हे मागून घेऊ या : आडोशाची खोली आणि प्रत्यक्ष तपासणी. गरमीची रक्ततपासणी, आणि सुरुवातीला दोष दिसला नाही तरी काही आठवड्यांनी पुन्हा. एचआयव्हीची तपासणी, पण समजावून, संमतीने. न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासणीला. आणि लैंगिक आजार निघाला तर नवऱ्यालाही बोलावणं, त्यालाही औषध. एकट्या बाईला बरं करून त्याच अंथरुणावर परत पाठवणं हा उपचार नाही.