चक्कर म्हणजे अशक्तपणाच नव्हे. काही रुग्णांना सलाईन नको, फिजिओथेरपी हवी

काशीगाव (मिरा-भाईंदर) : चक्कर आली की निदान घरातच होतं. अशक्तपणा, नाहीतर बीपी. मग सलाईन लागते, गोळ्या येतात. पण कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढताना, लावणीत वाकून उठताना घर गरगर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा कानात असतो.

कानात काय बिघडतं?
आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात. शेजारचे कॅल्शियमचे कण सुटून त्यात शिरले की डोकं हलताच मेंदूला चुकीचा निरोप जातो. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. सलाईनने हे कण जागेवर जात नाहीत. अमेरिकेतले डॉ. जॉन एप्ली यांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण मागे नेण्याची पद्धत शोधली. बऱ्याच रुग्णांना एक-दोन वेळातच आराम पडतो. मात्र आधी कान कोणता, हे तपासावं लागतं. म्हणून व्हिडिओ बघून घरी प्रयोग नको.

कानाच्या इतर आजारांनी तोल गेला असेल, तर नजर एका जागी ठेवून मान हलवणं, सरळ रेषेत चालणं असे व्यायाम काही आठवडे रोज करावे लागतात. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या सुरुवातीचे दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूला सावरायला उशीर होतो.

खरी अडचण
काशीगावच्या नावाने आता मेट्रो ९ चं स्टेशन आहे. लोकलने मुंबईची मोठी रुग्णालयंही जवळ. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरच्या म्हातारीला मात्र एका तपासणीसाठी गाडीभाडं, सोबतीचा माणूस आणि त्याची बुडालेली मजुरी, एवढं सगळं लागतं. त्यापुढे गावातली सलाईन स्वस्त वाटते. पण तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन आणि अंथरूण, दोन्ही पदरी येतं.

वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूद आहे. ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस तरी मिळावी, हा विषय ग्रामसभेत घ्यायला हवा.

हे लक्षात ठेवा : चक्करेबरोबर बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसले किंवा उभंच राहता येईना, तर तो लकवा असू शकतो. व्यायामाची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.