आधी पडायला शिका!

पावसाळा सरला की पुण्यातल्या दोस्तकंपनीच्या गाड्या दोन दिशांना सुटतात. काही पानशेतकडे, काही कापूरहोळहून आत वळून भोरकडे. रात्री तंबू, शेकोटी, गाणी. सकाळी पोहे आणि मग कयाकिंग. रविवारी संध्याकाळी स्टेटसवर भाटघरचं निळं पाणी, मागे डोंगर आणि हातात वल्हं. पण त्याच सकाळी जो धपकन पाण्यात पडला, त्याचा फोटो सहसा कुणी टाकत नाही. पडणं म्हणजे फजिती, असं आपण धरून चाललोय.

खरं तर कयाक अरुंद आणि हलकी असते, ती उलटायचीच. सेल्फीसाठी कुणी एका बाजूला झुकतं, कुणी मध्येच उभं राहतं, कुणी शेजारच्या मित्राची कयाक धरून ओढतं. मोटारबोट जवळून गेली की तिची लाट आडवी येऊन आदळते. नीट शिकवणारे प्रशिक्षक म्हणूनच नवशिक्याला सुरुवातीलाच, काठाजवळ, मुद्दाम पाडतात. आपल्याकडे मात्र बऱ्याचदा 'वल्हं असं धरा' एवढं सांगितलं की झालं शिक्षण!

पडल्यावर पहिल्या मिनिटात काय होतं, ते समजून घ्या. डिसेंबरच्या सकाळी गार पाण्यात पडलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. लाइफ जॅकेट असेल तर तोंड वर राहतं, श्वास ताळ्यावर येतो. मग कयाक धरा. ती पोकळ असते, उलटी झाली तरी तरंगते. काठ जवळ दिसतोय म्हणून ती सोडून पोहत निघू नका. पाण्यावरचं अंतर दिसतं त्यापेक्षा जास्त निघतं. कयाक सरळ करा, मधोमध पोट टेकवून, पाय मारत आडवे वर या, मग वळून बसा. हे ऐकायला सोपं आहे, पण एकदा करून पाहिल्याशिवाय जमत नाही.

'मला पोहता येतं' एवढ्यावर विसंबू नका. धरण म्हणजे स्विमिंग टँक नव्हे. भाटघरच्या पोटात कांबरेश्वराचं मंदिर आहे. वर्षातला बराच काळ ते पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. म्हणजे आपण वल्हवतो त्या निळ्या पाण्याखाली दरीच आहे: कुठे उतार, कुठे गाळ, कुठे जुनी बांधकामं. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात एका कुटुंबातल्या पाच जणी बुडाल्या. तिथे कयाक नव्हती, पाणी मात्र हेच होतं. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले.

मित्र बुडताना दिसला की आपली पहिली ऊर्मी उडी मारायची असते. दोस्ती म्हणून ती खरी, पण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही खाली जातात. आधी ओरडून माणसं गोळा करा. दोर, वल्हं, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाका. ११२ ला फोन लावा.

आता भोर-वेल्ह्यातल्या मित्रांनो, थोडं तुमच्याशी. (वेल्ह्याला आता राजगड म्हणायचं, तरी तोंडात वेल्हेच येतं!) हा धंदा तुमच्या गावात आलाय, तो टिकावा असं आम्हालाही वाटतं. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जीवरक्षकांना प्रशिक्षण देते. गावातली दोन पोरं तिथून शिकून आली, तर अख्ख्या काठाला आधार होईल. एक दुर्घटना झाली की बंदी येते आणि मग नीट काम करणाऱ्याचीही चूल विझते.

आणि पाहुण्यांनो, पुढच्या वेळी पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. जॅकेट तुमच्या मापाचं आहे का? बकल लावल्यावर खांद्याला धरून वर ओढलं तर ते कानापर्यंत सरकतं का? सरकलं, तर ते तुमचं नाही. पाण्यावर लक्ष ठेवायला कुणी आहे का? मग सरळ म्हणा, "दादा, मला आधी काठाजवळ एकदा पाडा." दादा हसून पाण्यात उतरला, तर बिनधास्त जा. नुसताच हसला, तर पोहे खा, डोंगर बघा आणि घरी या. पाणी पुढच्या रविवारीही तिथेच असेल. तुम्हीही असायला हवं.