तव्यावरचे मटण आणि सुंगटां

आमची थोरली मुलगी गोव्यात एका हॉटेलात नोकरीला आहे. मागच्या रविवारी ती मालवणास घरी आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आई, आज तू चुलीकडे फिरकायचं नाही. बाबा बाजार आणतील, मी रांधीन." तिच्या हॉटेलात मटणाचा जाड तुकडा तव्यावर भाजून, सोया सॉस आणि आले-लसणाची चव देऊन, सोबत कोळंबी वाढतात. त्याला म्हणे स्टेक म्हणतात. त्या एका ताटाचे बिल तिने सांगितले तेव्हा आमच्या मंडळींच्या हातातले भांडे हातातच राहिले. तेवढ्यात आमच्या घरचा आठवड्याचा बाजार होतो!

पहिला प्रश्न मटणाचा. परदेशात हा प्रकार गोमांसाचा करतात. आपल्या राज्यात २०१५ साली अमलात आलेल्या कायद्यातील दुरुस्तीने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्ग तेवढा त्या बंदीबाहेर राहिला. आम्ही सरळ बोकडाच्या मांडीचे अर्धा किलो मटण घेतले. खाटिकाला आधीच सांगावे लागते, "दादा, हाड काढा, पण बारीक तुकडे करू नका." नाहीतर त्याचा सुरा सवयीने रस्स्याचेच तुकडे पाडतो. सुंगटांचा एक वाटा घेतला. डोकी आणि साले काढल्यावर कोळंबी जवळजवळ निम्मी उरते, हा हिशेब धरूनच वाटा निवडावा. त्या डोक्यांचे कालवण दुसऱ्या दिवशी झाले, ते वेगळे.

आता कृती. मटणाचे धागे ज्या दिशेने जातात त्याला आडवे कापून बोटभर रुंदीचे चपटे काप करावेत आणि वरवंट्याने हलके ठेचावेत. बोकडाची मांडी चालून चालून घट्ट झालेली असते, म्हणून कच्च्या पपईचा कीस एक लहान चमचा चोळावा. पपईतला रस मांस मऊ करतो. मात्र अर्ध्या तासाच्या वर ठेवू नये, नाहीतर मटणाचा लगदा होतो (पहिल्या खेपेस आमचा झाला होता). त्यात सोया सॉस दोन मोठे चमचे, वाटलेले आले-लसूण, मिरपूड, चमचाभर गूळ आणि अर्धे लिंबू. मीठ घालू नये, सोया सॉस मुळातच खारट. हा सॉस सोयाबीन आंबवून करतात. जे सोयाबीन आपले विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी पिकवतात तेच.

लोखंडी तवा चांगला तापू द्यावा. मसाला निथळून चार-पाचच काप ठेवावेत. एकदम सगळे टाकले की पाणी सुटते, आणि भाजण्याऐवजी मटण शिजत बसते. दोन्ही बाजू लालसर करून मग आच मंद करावी, झाकण ठेवावे आणि आतपर्यंत शिजू द्यावे. बोकडाचे मटण अर्धकच्चे खाऊ नये. उरलेला मसाला तव्यावर चांगला उकळूनच वर ओतावा, कारण त्यात कच्चे मटण भिजलेले असते. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढून ती फडक्याने कोरडी करावी आणि त्याच तव्यावर एकेका बाजूने दीड-दोन मिनिटे ठेवावी. गुलाबी होऊन जराशी वाकली की उतरावी. पुरती गोल वळली म्हणजे चिवट झालीच समजा. सोबत उकड्या तांदळाचा भात, काकडी आणि आमची सोलकढी. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सोडे भिजवून घ्यावेत. आमचे जे बांधव मांस वर्ज्य करतात त्यांनी हाच मसाला अळंब्यांना लावून पाहावा.

ताटावर बसलेल्या आमच्या आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "ह्यां काय नवीन गो? आमी निखाऱ्यार भाजलेला खाल्लेला आसा." धाकट्याने विचारले, "मग बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलं होतं ना?" आम्ही त्याला समजावले, की १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेले जनावर ओढणे आणि त्याचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन होते. गावाने लादलेली ती लाचारी होती. कष्टाच्या पैशाने बाजारातून आणलेले ताजे मटण ही वेगळी गोष्ट. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक आम्ही त्याला वाचायला काढून दिले आहे. मुलीने आणखी एक माहिती दिली. जपानमध्ये बौद्ध प्रभावाखाली ६७५ साली सम्राटाने गोमांसासह काही प्राण्यांचे मांस खाण्यास बंदी घातली होती, आणि १८७२ साली तिथल्याच सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. गूळ-सोयाची ही जोडी त्या बाजूच्याच चवीची.

एक गोष्ट सांगायची राहिली. २००८ साली आम्ही नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहत होतो. घरमालकांनी जात विचारली नाही, फक्त विचारले, "तुम्ही खाता काय?" आम्ही अर्धे खरे सांगितले. मग सुकट भाजायची तर खिडक्या लावायच्या, वर उदबत्ती. ही मुलगी तेव्हा लहान. शाळेत कोणी विचारले तर "वरण-भात" सांगायचे, असे आम्हीच तिला पढवले होते. आम्ही ते विसरलो होतो. ती विसरली नव्हती. रविवारी तव्यातून धूर उठला तशी आमची मंडळी सवयीने खिडकी लावायला उठली. मुलीने हात धरून तिला खाली बसवले आणि दोन्ही कवाडे सताड उघडली.

थोड्याच वेळात कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनींनी हाक मारली, "काय रांधताव गो?" वाटीभर त्यांच्याकडे गेले. वाटी परत आली ती नारळाच्या दोन वड्या घेऊन, आणि पपई नेमकी किती घालायची हा प्रश्न घेऊन. लहान चमचा, असे मुलीने खिडकीतूनच ओरडून सांगितले.