रणगाडा टिकला म्हणजे नेमके काय टिकले?

१/ नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जतन करून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत १७ पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात होते. गोळा लागून रणगाडा पेटला, बाहेर पडण्याचा आदेश आला. तोफ अजून चालते आहे, असे त्यांनी बिनतारी यंत्रावरून कळवले आणि ते लढत राहिले. पुढच्या आघाताने त्यांचा प्राण घेतला. वय २१ वर्षे. मरणोत्तर परमवीरचक्र. रणगाडा शत्रूच्या हाती पडला, पुढे परत मिळाला आणि आज नगरात उभा आहे.

२/ युक्रेनमधल्या चित्रफिती पाहून ‘रणगाड्यांचे युग संपले’ असे लिहिण्याची २०२२ पासून रीतच पडली आहे. त्याला उत्तर म्हणून दुसरा पक्ष चिलखताच्या जाडीचे आकडे पुढे करतो. दोन्ही पक्ष लोखंडाविषयी बोलत आहेत, असे माझे मत आहे. नगरसारख्या गावात, जिथे रणगाडे, ते चालवणारे आणि ते फोडणारी क्षेपणास्त्रे यांचे एकमेकांशी शेजारसंबंध आहेत, तिथे तरी हा प्रश्न जरा वेगळा विचारला जावा, म्हणून हा धागा. लांबला आहे, सांभाळून घ्या.

३/ सुरुवात १९९४ साली उघडलेल्या कॅव्हलरी टँक म्युझियमपासून करू. तिथे ब्रिटिश ‘मॅटिल्डा’ आहे आणि जर्मन ८८ मिलिमीटर तोफही आहे. त्या दोहोंचे नाते अनेकांच्या लक्षात येत नाही. मॅटिल्डाचे समोरचे चिलखत ७८ मिलिमीटर जाड होते. १९४० साली फ्रान्समध्ये जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफांचे गोळे त्यावर आपटून नुसते उडून जात. तेव्हा विमाने पाडण्यासाठी बनवलेल्या ८८च्या नळ्या जमिनीला समांतर करण्यात आल्या आणि मॅटिल्डाची अभेद्यता संपली.

४/ याचा मराठी साक्षीदारही आहे. १५ जून १९४१ रोजी इजिप्त-लिबिया सीमेवरील हलफाया खिंडीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनने हल्ला केला. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. वरच्या पठारावर ८८ तोफांनी मॅटिल्डा एकामागून एक फोडल्या. खाली किनाऱ्याच्या बाजूला, जिथून मराठे चढत होते, तिथे सोबतच्या मॅटिल्डा सुरुंगांत सापडल्या. खिंड त्या दिवशी पडली नाही. रणगाडे गेल्यावर उघड्या वाळूवर पायदळाचे काय होते, हे त्या शिपायांना कोणी शिकवायची गरज उरली नसावी.

५/ दुसऱ्या महायुद्धातच शस्त्राचे तर्कशास्त्र बदलले. ८८चा गोळा वेगाच्या जोरावर पोलाद फोडत असे. त्यासाठी टनावारी वजनाची तोफ लागे. पोकळ स्फोटकाला वेगच लागत नाही. तांब्याचा शंकू आणि त्यामागे स्फोटक, एवढीच रचना. स्फोट होताच शंकू स्वतःतच मिटतो आणि तांब्याची सुईसारखी धार सेकंदाला आठ-नऊ किलोमीटर वेगाने पुढे निघते. ही धार पोलाद वितळवते, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. त्या प्रचंड दाबाखाली पोलाद ओल्या चिखलासारखे बाजूला सरकते. परिणाम असा, की खांद्यावर नेता येणारे नळकांडे चाळीस-पन्नास टनांच्या यंत्राला भारी पडू लागले.

६/ आता १९६५ चा असल उत्तर. पॅटन रणगाड्यांचा तेव्हा केवढा बोलबाला होता! भारतीय बाजूने कालवे फोडून शेतांत पाणी सोडले आणि रणगाडे चिखलात मंदावले. मागचे पायदळ त्यांच्यापासून तुटले. उभ्या उसात तोफा दबा धरून बसल्या. ऊस म्हणजे काय आडोसा असतो, हे नगर जिल्ह्याला सांगायला नको; आपल्याकडे फडात बिबट्या महिनोन्महिने राहतो आणि बांधावरच्या माणसाला पत्ता लागत नाही. अब्दुल हमीद यांच्याकडे जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. ती उडताच मागे ज्वाळेचा आणि धुळीचा असा लोट उठतो, की जागा तत्काळ उघडी पडते. म्हणून मारायचे आणि हलायचे, पुन्हा मारायचे. अनेक पॅटन फोडून १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. भारतीय गणनेनुसार पाकिस्तानने या लढाईत ९७ रणगाडे गमावले.

७/ पॅटनचे चिलखत त्या तीन दिवसांत पातळ झाले नव्हते. त्यांच्या आजूबाजूला ऊस तपासून पाहणारी माणसे नव्हती. (जाता जाता : तिथे लढलेली चौथी माउंटन डिव्हिजन म्हणजे हलफायाच्या चौथ्या डिव्हिजनचाच वारसा. चोवीस वर्षांनी तीच डिव्हिजन तोफेच्या दुसऱ्या टोकाला उभी होती.)

८/ याच्या नेमके उलट उदाहरण कारवारजवळच्या चेंडिया गावात जन्मलेल्या रामा राघोबा राणे यांचे. एप्रिल १९४८. नौशेरा ते राजौरी हा रस्ता सुरुंगांनी आणि तोडून आडव्या टाकलेल्या झाडांनी अडवलेला. बॉम्बे सॅपर्सचे हे अधिकारी रणगाड्यांच्या पुढे सुरुंग काढत होते. एका ठिकाणी गोळीबार एवढा होता, की ते पुढच्या रणगाड्याच्या खाली शिरले आणि त्याच्या गतीने सरपटत राहिले. दोर ओढून चालकाला ‘थांब’, ‘चल’ असे इशारे देत राहिले. ८ ते ११ एप्रिल असे हे काम चालले आणि राजौरी मोकळी झाली. राणे यांना परमवीरचक्र मिळाले, आणि ते हयातीत मिळाले. रणगाडा माणसाला वाचवतो, हे आपण गृहीत धरतो. इथे पोलादाच्या पोटाखाली सरपटणारा माणूस रणगाड्याला वाचवत होता.

९/ नगरला हे नवे नाही. १५९६ च्या वेढ्यात मोगलांनी किल्ल्याखाली सुरुंग पेरले, तट फुटला, खिंडार पडले. चांदबिबीच्या लोकांनी ते लढून अडवले आणि रातोरात बुजवले. भिंत पडूनही किल्ला पडला नाही.

१०/ पुढची चढाओढ थोडक्यात. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात तारेने दिशा देता येणाऱ्या रशियन क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाडे टिपले, तेव्हाही रणगाड्याचे मृत्युलेख लिहिले गेले. उत्तर म्हणून चिलखतावर स्फोटकाच्या विटा आल्या. धार आली की वीट फुटते आणि धार विस्कटते. त्यावर उतारा म्हणून दोन स्फोटके एकामागे एक बसवली गेली : पहिले वीट फोडते, दुसरे रणगाडा. नंतर क्षेपणास्त्रे वरून उतरू लागली, कारण छतावरचे चिलखत सर्वांत पातळ. आता ड्रोन येतात आणि रणगाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे मांडव दिसतात.

११/ यातील बराच भाग आपल्या जिल्ह्यात घडतो. १६ सप्टेंबर २०१८ रोजी माणसाला वाहून नेता येणाऱ्या स्वदेशी रणगाडाभेदी क्षेपणास्त्राची चाचणी नगरच्याच मैदानावर झाली. २२ सप्टेंबर २०२० रोजी के. के. रेंजवर ‘अर्जुन’ रणगाड्याच्या तोफेतून लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारे क्षेपणास्त्र डागले गेले आणि त्याने तीन किलोमीटरवरचे लक्ष्य भेदले. त्याला दुहेरी स्फोटकच होते. ते पुण्याच्या एआरडीईने, पुण्याच्याच एचईएमआरएल आणि डेहराडूनच्या आयआरडीईच्या साथीने घडवले. चिलखती वाहने घडवणारी व्हीआरडीई मात्र नगरचीच. ढाल इथे आणि भाला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अशी ही वाटणी आहे.

१२/ भाल्याचा पल्ला वाढला, की मैदानही लांब लागते. राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतील रेंजलगतच्या गावांवर भूसंपादनाची टांगती तलवार वर्षानुवर्षे आहे, ती याच पल्ल्याची. त्यावर स्वतंत्र धागा लिहिला पाहिजे.

१३/ आता माझे म्हणणे. प्रत्येक चिलखत कधी ना कधी भेदले जाते, हे शतकभराचे सिद्ध सत्य आहे. मग खरा प्रश्न असा, की भेदले गेल्यानंतरच्या दोन सेकंदांत आतल्या माणसांचे काय होते? आपल्या सैन्यातील बहुसंख्य रणगाडे टी-७२ आणि टी-९० आहेत. त्यांत गोळे यंत्राने भरले जातात, त्यामुळे चौथा माणूस लागत नाही, रणगाडा बुटका आणि हलका राहतो. परंतु तो दारूगोळा तिघांच्या पायांखाली चक्राकार रचलेला असतो. धार तिथे पोचली, की वरचा बुरूज उडून जातो. इराकमध्ये १९९१ साली, चेचन्यात आणि युक्रेनमध्ये जगाने हे पाहिले आहे. ‘अर्जुन’मध्ये दारूगोळा वेगळ्या कप्प्यात ठेवून स्फोट बाहेर फेकला जावा, अशी योजना आहे.

१४/ ‘अर्जुन’ जड आहे, पूल आणि रेल्वे यांच्या दृष्टीने अडचणीचा आहे, ही तक्रार खोटी नाही. पहिल्या १२४ नंतर २०२१ मध्ये सुधारित ११८ चीच मागणी नोंदवली गेली, त्यामागे अशी कारणे आहेतच. मी ‘अर्जुन’चे वकीलपत्र घेतलेले नाही. परंतु नव्या रणगाड्याची चर्चा निघते तेव्हा वजन, वेग, तोफेचा व्यास आणि किंमत यांवर पाने भरतात. आतले लोक किती प्रसंगांत चालत बाहेर येतील, हा रकाना त्यांत क्वचितच दिसतो. तो पहिला असावा. रणगाडा कारखान्यात पुन्हा बनतो. तो चालवणारा जवान तयार व्हायला नगरच्या माळावर काही वर्षे जातात, आणि त्याचे घर असते ते निराळेच.

१५/ म्हणून एक सूचना. नगरात जतन केलेल्या प्रत्येक लढवय्या रणगाड्यासमोर वजन आणि तोफेच्या मापाखाली आणखी एक ओळ लिहावी : आत किती होते, परत किती आले. जिथे खात्रीने माहीत आहे तिथेच लिहावी. ‘फामागुस्ता’समोर ती लिहिता येईल. आत चौघे होते, दोघे परतले.