‘काही नाही हो!’

२४ मार्च २०२३ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास आपल्या ग्वाल्हेरजवळ भूकंप झाला होता, आठवतं? तीव्रता ४. असं काही झालं की दोन उत्तरं तयारच असतात. ‘काही नाही हो, ट्रक गेला असेल’ किंवा ‘कलियुग आहे, दुसरं काय!’ पहिलं उत्तर शहाण्याचं वाटतं, दुसरं भाविकाचं. पण दोन्हींचा अर्थ एकच, पुढे विचारू नका.

घरातल्या मोठ्यांना २१ सप्टेंबर १९९५ विचारा. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायला! देवळांपुढे रांगा लागल्या. कुणी ‘चमत्कार’ म्हणून हात जोडले, कुणी ‘मूर्खपणा’ म्हणून हसले. पण हसणाऱ्यांपैकी तरी किती जणांनी चमचा हातात घेऊन पाहिलं? दिल्लीच्या एका देवळात शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवला, तेव्हा ते मूर्तीवरून पातळ थरानं खाली उतरताना दिसलं. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं. घरी वरवंट्यावर करून पाहा. (वरवंटा अजून असला तर!)

तिथे फक्त दूध सांडलं. किल्लारीला तसं झालं नाही. लातूर जिल्ह्यातल्या त्या गावाला १९९२ सालीच हादरे बसत होते. नकाशात मात्र तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. दख्खनचं पठार घट्ट, तिथे काही होत नाही, ही समजूत शिकल्यासवरलेल्यांचीही होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून लोक झोपलेले असताना, ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यांचा जीव घेतला तो मुख्यतः घरांनीच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद! मोठा धक्का कधी येणार हे आधी कुणालाच सांगता आलं नसतं, आजही येत नाही. पण भिंती पाहता आल्या असत्या.

आपल्याकडच्या ४ च्या धक्क्यापेक्षा किल्लारीच्या धक्क्यात सुमारे दोन हजार पट ऊर्जा होती. तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. पण खासगी बाजारातल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी ‘इथे काही होत नाही’ एवढ्यावर निश्चिंतही राहू नये.

विश्वस्त मंडळींना विनंती आहे की येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची इमारत एखाद्या जाणत्या इंजिनिअरला दाखवावी आणि जिन्याच्या वाटेत काही अडगळ असल्यास ती हलवावी. पालकांनी घरातली उंच कपाटं भिंतीला पक्की करून घ्यावीत. आणि मुलांनो, हादरा बसला तर धावत सुटू नका, बाकाखाली शिरून डोकं झाका. ते का, हे तुमच्या विज्ञानाच्या बाईंना उद्याच विचारा.