ओळखीच्यांना चार्ज कसं करायचं?

मागच्या बॅचमध्ये घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, ओळखीच्यांना कसं हो चार्ज करायचं?" 'चार्ज' म्हणताना त्यांचा आवाज एकदम खाली गेला. जणू चोरीच कबूल करतायत. घरी आल्यावर तो शब्द काही डोक्यातून जाईना.

बघा ना, दिवसभर आपण हा शब्द वापरतो. मोबाईल चार्ज करतो. बदली होऊन आलेला साहेब चार्ज घेतो. पोलीस लाठीचार्ज करतात, चार्जशीटही दाखल करतात. कंपनीने मालमत्ता तारण ठेवून कर्ज काढलं की त्या मालमत्तेवर बँकेचा चार्ज चढतो. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध दिसत नाही, पण मूळ एकच आहे: लॅटिनमधलं, गाडीवर माल लादणे. कार आणि कार्गो हे त्याच गोतावळ्यातले. बॅटरीत वीज भरा, तोफेत दारू भरा, कुणावर आरोप ठेवा, सगळीकडे भार टाकणंच आहे.

ताईंना वाटतं, पैसे मागितले की आपण समोरच्यावर ओझं टाकतो. माझं मत उलट आहे. पैसे घेतले की ओझं आपल्या खांद्यावर येतं.

सुरुवातीला मी मित्रांची हिशेबाची कामं फुकट करायचो. एकाच्या दुकानाचं रिटर्न 'उद्या बघू' करत राहिलो आणि तारीख गेली. लेट फी त्याने गुपचूप भरली. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलणार कुठल्या तोंडाने, पैसे कुठे दिले होते? पुढच्या वर्षी तेच काम त्याने दुसऱ्याला दिलं, पैसे मोजून. ते अजून लागतं मला.

कायदाही बघा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' कशाला म्हणायचं ते सांगताना फुकट दिलेली सेवा वगळली आहे. म्हणजे तुमच्या फुकट कामाबद्दल माणसाला त्या कायद्याखाली तक्रारही करता येत नाही. यात मैत्री कुठे आली?

म्हणून ओळखीच्यांनाही चार्ज करा. फक्त दर ऑर्डर घेतानाच सांगा, केक हातात देताना नको. सूट द्यायची तर बिलात आधी पूर्ण रक्कम लिहा, मग वजा करा, म्हणजे किती सोडलं ते दोघांनाही दिसतं. आणि हो, मनाला येईल ते लावायची मुभा नाहीये. एमआरपी छापलेल्या मालाला त्यावर एक रुपया घेता येत नाही. जीएसटीची कंपोझिशन स्कीम घेतली असेल, तर गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.

पुढच्या क्लासला ताईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी भराभर वहीत उतरवून घेतलं. मग हळूच विचारलं, "आणि जाऊबाईंना?"

"त्यांनाही."

ताई हसल्या. ते मात्र वहीत लिहिलं नाही.