संस्कार कमी पडले म्हणे!

दरवर्षी जूनमध्ये एखादे तरी पालक माझ्या खोलीत येतात आणि खुर्चीवर टेकताच सुरू करतात, "सर, पोराला मराठीची गोडीच नाही हो. शाळेत संस्कार कमी पडतात." पोरगा शेजारी मान खाली घालून उभा असतो. दोष एकतर त्याचा, नाहीतर मास्तरांचा!

माणूस असा का वागतो, याची आपल्याकडे तीन उत्तरे कायम तयार असतात : स्वभाव, संस्कार आणि नशीब. समाजशास्त्र तेवढ्यावर थांबत नाही. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ साली एक साधा हिशेब मांडला. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव आणि कौशल्य तपासा. पण पाच कोटी नोकरदारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून काय हाती लागणार? तेथे व्यवस्थाच तपासायला हवी. हाच हिशेब आपल्या घराला लावा. एका मुलाला मराठी वाचण्याचा कंटाळा असेल, तर मुलाशी बोला. गल्लीतल्या सगळ्याच मुलांना असेल, तर गल्लीकडे पाहा.

अशी एक गल्ली अभ्यासकांनी खरोखरच पाहिली आहे. सांगलीजवळच्या कुपवाडवर गंपर्झ आणि विल्सन यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. गावात जैन व लिंगायत घरी कानडी बोलत, मुसलमान उर्दू, तर दलित व भूमिहीन मराठी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावे. तरीही एकही भाषा बुडाली नाही. तेथे कोणी भाषादिन साजरा करीत नव्हते, अस्मितेची भाषणेही झोडत नव्हते. घरची भाषा टिकली, कारण घर आणि सोयरीक शेजाऱ्यांपासून वेगळी होती. आणि चारचौघांत मराठी चाले, कारण तेथे ती कोणत्याही वजनदार गटाच्या घरची नव्हती.

म्हणजे भाषा प्रेमावर जगत नाही, गरजेवर जगते. मात्र कुपवाडात ज्या भिंतींनी भाषा राखली, त्यांतली एक जातीची होती, हेही विसरू नये. ती भिंत परत बांधा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मग मराठीला दुसरी जागा द्यायला हवी, आणि ती देणार कोण?

येथे दुसरी पळवाट निघते. "सर, समाजच तसा झालाय, आम्ही काय करणार?" पोटासाठी इंग्रजी आणि राज्याची म्हणून कानडी शिकवणाऱ्या बापाला मी नावे ठेवणार नाही, दोन्ही भाषा पोराला उत्तम यायलाच हव्यात. पण समाज म्हणजे आभाळातून पडलेली गोष्ट नव्हे. जेवताना पोराशी मोडक्या इंग्रजीत बोलणारे आपण, लग्नपत्रिका इंग्रजीत छापणारे आपण, आजीचा फोन पोराच्या हाती न देता स्वतःच बोलून ठेवून देणारेही आपणच. अशा शंभर घरांची बेरीज झाली, की तिला आपण 'समाज' म्हणतो आणि हात झटकतो.

मीही या बेरजेत आहे. सत्तावीस फेब्रुवारीला मी वर्षानुवर्षे मराठीच्या थोरवीवर बोललो, आणि दुसऱ्या दिवशी पालकांच्या नावे इंग्रजीत सूचना काढल्या. मुले भाषण विसरली. सूचना मात्र त्यांनी घरी नेली. संस्कार कोणता झाला, ते तुम्हीच ठरवा.

यंदापासून त्या सूचना मराठीतही निघतात. पालकहो, त्या तुम्ही वाचू नका. पोराला मोठ्याने वाचायला सांगा, आणि त्याने वाचल्याशिवाय सहलीच्या पैशांवर सही करू नका.